पारापुढची वाट

१४ डिसेंबर १९३८

आज दुपारी विहिरीला पाणी लागलं. चौथीच्या मुली भूगोल टाकून धावल्या आणि मी त्यांना अडवलं नाही. अडवणार तरी कशी, सगळ्यांच्या पुढे मीच होते. लोकल बोर्डाकडे अर्जांचा भडिमार करून ही विहीर मी मिळवली आहे. बोर्डाचे साहेब म्हणे मला बघितलं की चहा सांगायचंसुद्धा विसरतात.

रनाळ्याला आल्यापासून एक गोष्ट माझ्या डोळ्यांत सलत होती. गावच्या बायका घडीघडी डोक्यावर घागर घेऊन नाल्यावर जातात. भर दुपारीसुद्धा. घरात रांजण तुडुंब असला तरी जातात. ज्यांच्या घरात मी खोली घेऊन राहते त्या दोधू पाटलांची सून शोभाबाई तर भरली घागर केळीच्या बुंध्याशी ओतून पुन्हा निघते, हे मी स्वतः पाहिलं आहे. अंगवळणी पडलेला वेडेपणा, दुसरं काय. आता विहीर चौकातच, शाळेला आणि पाटलांच्या दाराला लागून. पायपीट संपली.

पाटलांनी गूळ वाटला. पाटलीणबाईंनी, म्हणजे बेबीबाईंनी, गूळ घेतला नाही. "चांगलं व्हयनं, बाई," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. शोभाबाईने काठावरून वाकून पाहिलं. "आते ते दारशीच पानी उनं," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पोरीला फार आनंद झाला असणार.

२ जानेवारी १९३९

नव्या वर्षाचा संकल्प करायचा म्हटलं तर सोडण्यासारखी वाईट सवय मला सापडेना. हे गर्वाने लिहिते आहे, पण ही वही दुसरं कोण वाचतं.

माझा दिवस घड्याळासारखा आहे. तांबडं फुटायच्या आत बायकांबरोबर नाल्यापलीकडे बाभळीत जाऊन येते. मग स्नान, एक पेला पाणी, एक कप चहा. त्यानंतर दिवेलागणीपर्यंत पाण्याचा थेंब नाही, आणि उठण्याची गरजही नाही. ट्रेनिंग कॉलेजात बाकीच्या तासातासाला उठून जायच्या. मी नाही. शरीराला एकदा धाक लावला की ते ऐकतं. मुलींनाही मी हेच सांगते. मोठ्या मुली आता शाळा सुटेपर्यंत जागच्या हलत नाहीत.

देवी येऊन गेल्या तेव्हा चेहऱ्याची चाळण झाली आणि लग्नाचा विषय संपला. येवल्याला दादाच्या घरी वहिनीच्या हाताखाली जन्म काढायचा की स्वतःच्या पगाराची भाकरी खायची, एवढाच प्रश्न उरला. तो मी सोडवला. या शाळेत माझ्या हातात खडू आहे आणि वर्गात माझा शब्द चालतो. हे मी कोणासाठी सोडणार नाही.

२३ जानेवारी

विहिरीची पूजा होऊन आठवडा झाला तरी बायकांचे पाय नाल्याकडेच. नाल्याचं पाणी गोड लागतं म्हणे. मी चाखून पाहिलं, दोन्ही सारखंच.

आज दोधू पाटील भडकले. चौकात निंबाचा पार आहे; पाटील आणि गावातले चार म्हातारे सकाळपासून तिथेच बसलेले असतात. तिथून सारं गाव दिसतं. त्यांच्या समोरून घरंदाज बाई कामाशिवाय जात नाही. डोक्यावर घागर असली तर मात्र कोणी मान वर करत नाही. बाई कामाला निघाली, तिच्याकडे पाहायचं नाही, असा इथला रिवाज. चांगला रिवाज आहे. तर पाटलांनी शोभाबाईला घागरीसकट परत फिरवलं. "मन्हा दारमा इहीर शे नि मन्ही सून नालावर जाई? लोके काय म्हनतीन? आजपाइन नालावर कोनी जावानं नही."

पाटलांचं घर वळलं की गाव वळतं. संध्याकाळी विहिरीवर ही गर्दी. मला धन्य वाटलं.

शोभाबाईत सुधारणाही दिसते आहे. हल्ली दुपारी पाणी दिलं तर नको म्हणते. माझं पाहून शिकली असेल. बाकी अलीकडे चिडचिडी झाली आहे खरी.

५ फेब्रुवारी

काल वर्गात एकदम हुडहुडी भरली. दात वाजायला लागले ते थांबेनात. मुलींनी सतरंजी अंगावर टाकली. हिवताप. इथे घरटी एकाला असतोच. क्विनाइन घेतलं.

कंबरेच्या वर उजवीकडे ठणकतं आहे. ते त्या मोडक्या स्टुलावर बसून बसून.

९ फेब्रुवारी

क्विनाइनने कान गुणगुणतात पण थंडी रोज येते आणि ताप उतरत नाही. दुसराही एक त्रास आहे. तो इथे लिहायलासुद्धा हात धजत नाही. आग होते एवढंच लिहिते. म्हणून पाणी आणखी कमी केलं आहे. जितकं कमी प्यावं तितकं कमी जावं लागेल, हा सरळ हिशेब आहे.

शाळा बंद ठेवलेली नाही. मुलींना पाढे म्हणायला लावून भिंतीला टेकून बसते.

१४ फेब्रुवारी, नवापूर

पेन्सिलीने लिहिते आहे. मिशनच्या दवाखान्यात आहे. शनिवारी वर्गात कोसळले म्हणे. मला आठवत नाही. पाटलांनी गाडी जुंपली, स्टेशनवर नेलं, आणि बेबीबाई सोबत म्हणून आगगाडीत बसल्या. जन्मात पहिल्यांदा आगगाडीत बसल्या आणि सारा रस्ता माझं डोकं मांडीवर घेऊन होत्या. मी त्यांना कायम आडमुठी म्हणत आले.

इथली नर्स सोमीबाई जवळच्याच डोंगरातल्या गावची ख्रिस्ती बाई आहे. बोलायला मोकळी. तिने माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन उजेडात धरली. ताकासारखी गढूळ. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि क्विनाइनची बाटली उचलून सरळ खिडकीत ठेवली. "हा हिवताप नाही, बाई. तुमच्या मूत्रपिंडाला सूज आहे," म्हणाल्या.

१७ फेब्रुवारी

मुंबईहून आलेल्या नव्या गोळ्या देतात. त्याने मळमळतं आणि ओठ निळे पडले आहेत. सोमीबाईने आरसा दाखवला आणि म्हणाली, "घाबरू नका, गोळ्यांमुळे होतं, उतरेल." शिवाय एक पांढरं खारट औषध, सातूचं पाणी, आणि नुसतं पाणी, पाणी, पाणी. मी पेला अर्धा ठेवला तर सोमीबाई कमरेवर हात देऊन उभी राहते. शिक्षिकेला असं कोणी वागवलेलं मी प्रथमच पाहते आहे.

आज ताप नाही. डॉक्टरीणबाई खाटेवर बसल्या आणि त्यांनी मला चक्क धडा दिला. रबराची शेकायची पिशवी हातात घेतली. म्हणाल्या, पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना दोन मूत्रपिंडं, आंब्याच्या कोयीएवढी नाही, चांगली मूठभर. रक्त गाळण्याचं काम रात्रंदिवस चालू. गाळलेलं पाणी दोन बारीक नळ्यांतून खाली या पिशवीत थेंबथेंब उतरतं. ही पिशवी म्हणजे मूत्राशय. नुसतं कातडं नाही, मांस आहे. भरेल तशी ताणते, रिकामी झाली की आकसते. खाली तोंडाशी एक स्नायू असतो, तो मात्र आपल्या हुकमतीत.

"त्या स्नायूला तुम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पहाऱ्यावर उभं करता," त्या म्हणाल्या. "पिशवी रोज ताणून सैल पडते. मग ती पुरती रिकामी होत नाही. तळाशी साचतं, त्यात जंतू वाढतात, आणि नळ्यांतून चढत वर मूत्रपिंडापर्यंत जातात. वरून पाणी पीत नाही, म्हणजे धुऊन काढायलाही काही नाही."

मी सांगितलं की ही माझी शिस्त आहे. त्यांनी पिशवी खाटेवर ठेवली. मग म्हणाल्या, "या शिस्तीने उजवं मूत्रपिंड अर्धमेलं केलंय. पुन्हा असा ताप आला तर ते जाईल, आणि दुसऱ्याची हमी मी देत नाही. दिवसा दर दोन-तीन तासांनी जायचं आणि तांब्याभर पाणी प्यायचं. जिथे हे जमत नसेल तिथली नोकरी सोडा, भावाकडे जा."

भावाकडे जा, हे शब्द मला तापापेक्षा जास्त लागले.

१९ फेब्रुवारी

बेबीबाई आज परत गेल्या. डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्यांनी पदराआडून ऐकलं होतं. निघण्याआधी पडद्यामागे डॉक्टरीणबाईंशी बराच वेळ कुजबुजत होत्या. सोमीबाई मध्ये मध्ये समजावून सांगत होती. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, तर म्हणाल्या, "गुडघासनं औषध मांगं, बाई. वीस वरीस व्हयनात दुखी ऱ्हायनात."

हातातल्या बाटलीत माझंच पांढरं औषध होतं. ते गुडघ्यालाही चालतं हे मला नवीनच कळलं.

२७ फेब्रुवारी, रनाळे

परत आले. दादाचं पत्र येऊन पडलं आहे. आजार कळला, परीक्षा आटोपल्या की न्यायला येतो, वहिनीचेही दिवस भरत आले आहेत, तुझी मदत होईल, वगैरे. आजारी माणसाला बाळंतपणाला नेतो आहे.

तांब्याभर पाणी पिऊन बसले. दोन तासांनी प्रश्न उभा राहिला. न्हाणी पाटलांच्या अंगणात, कमरेएवढ्या कुडाची, तोंड पाराकडे. तिचं पाणी सरळ चौकात वाहतं. शाळेलगत आता विहीर, तिथे सतत वर्दळ. बाभळी नाल्यापलीकडे, आणि मध्ये पार. मी शोभाबाईला हळूच विचारलं, तुम्ही दिवसा करता तरी काय.

ती चूल फुंकत होती. फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरकले. म्हणाली, "आते काय करसू? दम धरस. पहिले घागर व्हती ना, बाई. घागर डोकावर लिधी का कोनी इचारे नही. नालावर जाऊत, बाभयीमा जाऊत, पानी भरीसन येऊत. तुम्हनी इहीर उनी नि ते बी गयं."

तिने पुन्हा फुंकणी उचलली. मग ती म्हणाली, "माले बी आग व्हस. सासूले बी. सांगाव कोले?"

रांजण तुडुंब असताना ती केळीला घागर का ओतत होती, हे मला दीड वर्षात कळलं नाही. मी कॉलेजात शिकलेली. साऱ्या गावातल्या बायकांना दिवसातून घडीभर सुटका होती, ती मी सरकारी मंजुरी आणून, गूळ वाटून बंद केली. खोलीत जाऊन खूप रडले. लाज वाटली, राग आला, आणि सगळा स्वतःचाच.

१ मार्च

रडून झालं. आता काम.

सकाळी पाटलांना ओट्यावर गाठलं. म्हटलं, नाल्याच्या अलीकडे बायकांसाठी कपाशीच्या पऱ्हाट्यांचा एक आडोसा करून द्या, आणि दिवसा बायकांनी तिकडे जायला कोणी हरकत घेऊ नये. कशासाठी तेही सांगितलं. आडवळणाने सांगितलं, तरी पाटलांचे कान लाल झाले. ते उठून उभे राहिले, पागोटं सारखं केलं आणि निंबाकडे पाहत म्हणाले, "मास्तरीनबाई, आसं बोलनं बाईमानूसले सोभस नही. पारसमोरथून बाया टमरेल लिसन जातीन? आते तुम्ही आजारी शेतस, आराम करा."

मी म्हटलं, मी आजारी आहे ती यामुळेच. पाटील तोवर पारावर पोचले होते.

३ मार्च

ठरवलं. बायकांना सांगायचा मला काय अधिकार, मी स्वतः जात नसेन तर.

आज मधल्या सुट्टीत सर्वांदेखत दोन पेले पाणी प्यायले. मुली पाहत राहिल्या. नंतर दुसऱ्या तासाला शुद्धलेखन देऊन टमरेल घेतलं. पदराखाली लपवलं नाही. शाळेच्या दारातून निघून चौकातून सरळ पारापुढून चालू लागले. बायका पारापुढून चपला हातात घेऊन जातात; मी पायांत ठेवल्या. पारावर बोलणं चाललं होतं ते तुटलं. कोणाचा तरी हुक्का गुरगुरायचा थांबला. टमरेलातलं पाणी डुचमळून साडीवर सांडत होतं. नाल्यापर्यंतची वाट मला आजवर इतकी लांब कधी वाटली नव्हती.

येताना तशीच परत आले. सुकलाल, पाटलांचा मुलगा, दारात उभा होता. त्याने मान फिरवली. मी वर्गात गेले आणि शुद्धलेखन तपासलं. अक्षरं नीट दिसायला थोडा वेळ लागला.

संध्याकाळी शाळा सुटायच्या आधी पुन्हा गेले.

८ मार्च

रोज जाते आहे. होळीच्या दिवशीही गेले. पोरंटोरं मागे ओरडतील अशी भीती होती, पण कोणी ब्र काढला नाही. पाण्याचा तांब्या टेबलावर असतो. आग कमी आहे. ठणका नाही.

आज मात्र पारावरच्यांनी उत्तर दिलं. मी शाळेच्या दारात टमरेल घेऊन दिसले आणि दोधू पाटील जागच्या जागी वळून मारुतीच्या देवळाकडे तोंड करून बसले. त्यांचं पाहून एकेक करून सगळे वळले. पागोटी आणि पाठी, दुसरं काही नाही. गेले तेव्हा पाठी, आले तेव्हाही पाठी. मेलेल्या माणसाकडेसुद्धा लोक तोंड करून बसतात. मला वाळीत टाकलं आहे, दुसरा अर्थ नाही.

अपमान गिळला. उद्या पुन्हा जाणार. त्यांना पाठ दाखवायची तर दाखवू देत, मला रस्ता हवा आहे, त्यांचं तोंड नको.

१२ मार्च

रविवार. बायकांना शाळेत बोलावलं. हळदीकुंकू आहे असं सांगितलं, नाहीतर कोण येतं. हळदीकुंकू झाल्यावर फळा पुढे ओढला आणि मूत्राशय काढलं. दोन मूत्रपिंडं, दोन नळ्या, खाली पिशवी. माझी चित्रकला यथातथाच. एक म्हातारी म्हणाली, "हाई ते तुंबडा शे," आणि सगळ्या पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. मी खवळले नाही. हसू दिलं. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं: पिशवी कशी ताणते, तळाशी काय साचतं, जंतू वर कसे चढतात, मूत्रपिंड कसं मरतं. मला कशी थंडी भरली तेही सांगितलं.

हळूहळू हसणं थांबलं. एकीने विचारलं, पोटुशी बाईले जास्ती तरास व्हस का. मी म्हटलं, होतो, वर बाळाचं ओझं असतं. तिने शेजारणीकडे पाहिलं. आणखी एक म्हणाली, तिची नणंद अशाच थंडीतापाने गेली, सगळ्यांनी बाहेरचं म्हणून अंगारा लावला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

बेबीबाई भिंतीशी बसल्या होत्या. शेवटी उठून जवळ आल्या, बोटाने फळ्यावरच्या पिशवीचं तोंड दाखवलं आणि विचारलं, "हाई एक दाव ढिल्लं पडनं का मंग आवरास का?" मी म्हटलं, आवरतं म्हणतात, सवय लावली तर. त्यांनी मान हलवली. त्यांच्या गुडघ्याला उतार पडला का हे विचारायचं राहिलं.

१८ मार्च

माझं व्याख्यान लागू पडलं. मंगळवारी दुपारी मी निघाले तर मागे पावलं वाजली. शोभाबाई. तोंडावर पदर, हातात टमरेल. गुरुवारी आणखी दोघी. आज तर चांगली रांग होती, आणि त्यात रविवारची ती पोटुशी. ज्ञानाने काय होऊ शकतं याचा हा दाखलाच आहे. फळ्यावरचं चित्र मी अजून पुसलेलं नाही.

पारावरच्यांचा बहिष्कार चालूच आहे. मी दारात दिसले रे दिसले की फिरतात. कधी कधी मी दिसायच्याही आधी फिरून बसलेले असतात, इतका त्यांना माझा तिटकारा. बाकीच्या बायकांनाही माझ्यामुळे पाठी बघाव्या लागतात, याचं वाईट वाटतं. शोभाबाईला तसं म्हटलं तर ती पदरात फसकन हसली.

बाभळीत कोणीतरी पऱ्हाट्यांचा कूड घातला आहे, चांगला उंच, आत दगड मांडलेले. कोणी घातला विचारलं तर एकही कबूल होईना.

३० मार्च, नवापूर

तपासणीला आले. सोमीबाईने नळी उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं, पाठीवर उजवीकडे बोटं ठोकून पाहिली. मी नजर त्यांच्या तोंडावरून हलवली नाही. "असंच चालू राहिलं तर मूत्रपिंड टिकेल," त्या म्हणाल्या. "पण असंच चालू राहायला पाहिजे, जन्मभर. ते तिथे जमेल का?"

जमेल म्हणून सांगितलं. पण दादा मंगळवारी येतो आहे. त्याचं शेवटचं पत्र रागाचं आहे. रनाळ्याच्या कोणीतरी त्याला येवल्याच्या बाजारात सांगितलं की तुमची बहीण टमरेल घेऊन पुरुषांसमोरून फिरते. तो लिहितो, बिछाना बांधून ठेव, आता एक दिवसही तिथे नको.

४ एप्रिल

दादा सकाळच्या गाडीने आला. माझी खोली पाहिली, औषधाची बाटली पाहिली, ट्रंक भरलेली नाही हेही पाहिलं. मी म्हटलं, शाळा आहे, संध्याकाळी बोलू. तो वर्गात बसू शकत नव्हता, म्हणून पाटलांबरोबर पारावर गेला.

माझी वेळ झाली. तांब्या रिकामा झाला होता. खरं सांगते, आज पाय उचलेना. पाटलांची पाठ पाहायची सवय झाली होती, पण ज्याने मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याच्या समोरून कसं जायचं. भिंतीला धरून उभी राहिले. पोटात कळ आली. आज दम धरला तर संध्याकाळी दादाला नाही म्हणायचा हक्कच मला उरत नाही, हे समजत होतं. टमरेल उचललं.

चौकात आले तर पारावर पाठी. पागोट्यांच्या मध्ये एक काळी टोपी, तीसुद्धा देवळाकडे तोंड करून. शोभाबाई आणि बाकीच्या माझ्यामागे होत्या. आम्ही गेलो आणि आलो.

रात्रीचं जेवण पाटलांकडेच होतं. नंतर दादा माझ्या खोलीत आला आणि टोपी काढून बसला. मग म्हणाला, "मी त्यांच्याशी पिकापाण्याचं बोलत होतो. मध्येच पाटील म्हणाले, 'भाऊ, आते फिरी बठा, बायास्नी येळ व्हयनी.' मला कळेना. मी विचारलं, हा काय प्रकार. तर म्हणाले, 'घरमातून हुकूम शे.'"

कोणाचा हुकूम, मी विचारलं.

"त्यांच्या पत्नीचा. होळी झाल्यावर त्यांनी घरात सांगितलं म्हणे, बायका जातील-येतील तेवढा वेळ पारावरच्यांनी तोंड फिरवून बसायचं. नाहीतर गावातली एकही बाई त्या विहिरीवरून पाणी भरणार नाही. पाटील म्हणाले, एक दिवस खरंच भरलं नाही. अंघोळीलासुद्धा नाही. तिसऱ्या प्रहरी सगळे वळून बसायला तयार झाले." त्याने टोपी खाटेवर ठेवली. "आणि म्हणाले, आपल्या लग्नाला एवढी वर्षं झाली, हिने हे आधी कधी सांगितलं नाही."

मी ज्याला बहिष्कार म्हणत होते ती वाट होती, आणि ती माझ्या फळ्याने उघडली नव्हती. नवापूरला पडद्यामागे बेबीबाई गुडघ्याचं बोलत नव्हत्या. मला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही. दादाला वाटलं ताप चढला. त्याने कपाळाला हात लावून पाहिला. थंड होतं.

"तुला इथे राहायचंय," तो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.

हो, म्हटलं.

"वहिनीला काय सांगू?"

"सांग की एक दाई बघ, चांगली. आणि वहिनीला दिवसा अडवून ठेवू नकोस, पाणी भरपूर पाज. तिच्या पोटात ओझं आहे."

येवल्याला आमचं घर माडीवर आहे आणि खाली दुकानाशी दिवसभर माणसं असतात. "ती दुपारी कुठे जाते," तो हळूच म्हणाला, "मला खरंच माहीत नाही गं."

५ एप्रिल

दादा सकाळच्या गाडीने एकटाच गेला. बैलगाडीत बसायच्या आधी बेबीबाईंनी त्याच्याबरोबर दशम्या बांधून दिल्या. निघताना मला म्हणाला, औषध वेळेवर घे. आणि घरी गेल्या गेल्या वहिनीला विचारेन, असंही म्हणाला. मी स्टेशनवर पोचवायला गेले नाही. पहिला तास तिसरीचा होता.